थांबा नसलेल्या गावी

रत्नागिरीहून परत आल्यापासून कराडात जो भेटतो तो विचारतो, मासे खाल्लेस का, समुद्र बघितलास का. दोन्ही केलं. भाट्याला माझ्या मैत्रिणीचं, नीलिमाचं, घर आहे. तिथे राहिले, सुरमई खाल्ली, संध्याकाळी किनाऱ्यावर पाय बुडवून बसले, नारळ संशोधन केंद्राच्या कुंपणातून बुटके माड बघितले. हे सगळं तिथे गेलेला कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते भाट्याला पोचायच्या आधीच्या दिवसाबद्दल. तो दिवस एका पॅसेंजर गाडीत गेला आणि उरलेला, त्या गाडीने न थांबता मागे टाकलेल्या एका गावात. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

सावर्डे

कराडहून एसटीने कुंभार्ली घाट उतरले आणि सावर्ड्याला मामेबहिणीकडे रात्र काढली. सकाळी तिच्या यजमानांनी स्कूटरवरून स्टेशनात सोडलं. "पॅसेंजर आहे, आरामात जाल," म्हणाले. त्यातल्या 'आरामात'चा अर्थ मला नंतर समजला.

माझा सगळा जन्म शाळेत गेला. घंटा झाली की वर्ग सुरू, घंटा झाली की बंद. गाडी यायची वेळ झाली, टळली, तरी रूळ आपले उन्हात चकाकत पडलेले. मधूनमधून एक गोड आवाज 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे' असं सांगत होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं. चौथ्यांदा ऐकल्यावर त्या बाईला समोर उभं करून, खेद नक्की कुणाला आहे, असं विचारावंसं वाटायला लागलं. मुंबईकडच्या लांबच्या गाड्या धूळ उडवत निघून जात होत्या. त्यांना वाट देण्यासाठी आमची गाडी मागे कुठेतरी बाजूला काढून ठेवली होती म्हणे. एकेरी रूळ, त्यामुळे कुणीतरी थांबायचंच, आणि ते कुणीतरी म्हणजे कायम पॅसेंजर.

सगळ्यात चीड आली ती बाकीच्या लोकांची. कुणी चिडतच नव्हतं. काही बायांनी सावलीत फडकं पसरून पावट्याच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. मी फलाटावर येरझारा घालत होते.

"बाय, कशाला पाय दुखवून घेताव?" बाकावरून एक म्हातारी म्हणाली. "गाडी येल तवा येल. तुमी उब्या ऱ्हायलाव म्हनून काय लवकर येनार हाय?"

साठी ओलांडलेली, सावळी, नऊवारी नेसलेली. मांडीवर कापडी पिशवी, पायाशी नारळांनी भरलेली दुसरी. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक मोठी जुनी किल्ली, आपल्याकडे वाड्याच्या दिंडीदरवाजाला असते तेवढी. ती बाई पुन्हापुन्हा तिला हात लावून बघत होती. सगळे तिला आक्का म्हणत होते, म्हणून मीही आक्का म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.

"कुठे निघालात?"

"घरी. आज पालखी येनार माज्या दारात."

शिमग्याचे दिवस होते. आमच्या घाटावर होळी म्हणजे एक दिवस पुरणपोळी आणि पुढे रंगपंचमी, की झालं. देवाला भेटायचं तर आपण जत्रेला जायचं. इथे उलट आहे. होळीचा होम झाला की ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि गावातल्या एकेका घरी जाते. मानापानाप्रमाणे घरांचा क्रम आणि दिवस ठरलेले असतात. देवी दारात येते, ओटी भरून घेते, गाऱ्हाणं ऐकते आणि पुढच्या घरी जाते. त्यासाठी मुंबईची माणसं नोकरीवर पाणी सोडून येतात.

आक्काचा नवरा दीडेक वर्षापूर्वी वारला. सुतकाचं वर्ष, म्हणून गेल्या शिमग्याला पालखी तिच्या दारात आली नाही. ती तेव्हापासून सावर्ड्याला लेकीकडे राहते. मुलगा मुंबईत, त्याला या वर्षी रजा मिळाली नाही. गावचं घर बंद.

"दार बंद असलान तर पालखी गडग्यावरनं म्होरं जाते," आक्का म्हणाली. गडगा म्हणजे आवाराची दगडी भिंत. "लागोपाट दोन वर्सं तशी गेली तर लोक म्हनतील, घर मोडलान. पोरगा तर तेच बगतोय. म्हनतो, आये, कौलं उतरवून टाकू, चिरे इकू. यंदा दार उगडलं तर त्याला सांगाय मला तोंड ऱ्हाईल."

"मग किल्ली शेजारी ठेवायची ना कुणाकडे! आदल्या दिवशी झाडलोट झाली असती."

आक्काने किल्ली पदराखाली सरकवली. "शेजारी माजी जाव हाय," एवढंच म्हणाली.

संगमेश्वरापर्यंत

गाडी आली. लाकडासारखे कडक बाक, पंख्यांपैकी एखाददुसरा फिरणारा, कुणाच्या तरी टोपलीतल्या सुकटीचा वास सगळ्या डब्याला. आरवलीला थांबली, ती थांबलीच. कडवईला थांबली. बाहेर मात्र असा देखावा होता की रागाचं लक्ष वारंवार उडत होतं. लाल कातळ, मधेच काजूच्या बागा, आंब्यांवर बोराएवढ्या कैऱ्या. बोगद्यात शिरलं की सगळा डबा काळा आणि गप्प, बाहेर आलं की सगळे वाक्य जिथे सोडलं तिथून पुन्हा बोलायला लागत.

संगमेश्वरला तर आम्ही जवळजवळ संसारच मांडला. एक गाडी गेली. आता निघू म्हणेपर्यंत समोरून दुसरी आली. आक्काने डबा उघडला. तांदळाची मऊ भाकरी आणि ओल्या काजूगरांची उसळ. मी ज्वारीची भाकरी कडकडा मोडून खाणारी बाई, पण ती भाकरी दुमडून उसळीत बुडवली आणि दोन घास तरी रेल्वेला माफ केलं. माझ्याकडचे शेंगदाण्याचे लाडू तिला दिले.

जावेचं भांडण तिथे बाहेर आलं. दोघींच्या घरांमधे एक फणस. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, होते तोवर फणस दोघांचा होता. मग जावेने गडगा बांधून घेतला आणि फणस तिच्या बाजूला गेला. आक्का म्हणते, मुद्दाम. जाऊ म्हणते, गवंड्याची चूक. त्यावरून बोलणं बंद. नवरा वारला तेव्हा जाऊ येऊन रडून गेली, पण त्याही वेळी शब्द बोलली नाही. म्हणून किल्ली सावर्ड्याला, लेकीच्या घरी देवामागे.

"पण मग रस्त्याने का गेला नाहीत, आक्का? या गाडीचा काय भरवसा?"

"भरवसा नाय कसा? आमच्या गावात गाडी रोज थांबते!"

मग तिने मला जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसेना. संगमेश्वर आणि रत्नागिरीच्या दरम्यान एक लहानसं स्टेशन आहे. ते नुसतं गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायसाठी. पॅसेंजरला तिथे थांबा नाही, तिकीट मिळत नाही, फलाट म्हणजे गवत. पण रोज समोरून येणाऱ्या गाडीसाठी पॅसेंजरला तिथे थांबवून ठेवतातच. गावच्या लोकांनी पहिल्यांदा वैताग केला. मग एक दिवस कुणीतरी खडीवर उतरून घरी गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी चौघं. आता गावची माणसं तिकीट रत्नागिरीचं काढतात आणि उतरतात घरापाशी. आजारी माणसं, गॅसच्या शेगड्या, लग्नाची वऱ्हाडं सगळं तिथे उतरतं. गाडीचा गोंधळ हेच त्यांचं वेळापत्रक. मी गावाचं नाव लिहीत नाही ते याचसाठी. उगाच कुणीतरी साहेब वाचायचा आणि त्यांच्यावर दंडुका घेऊन जायचा.

"माजं घर रुळापासनं हाकेच्या अंतरावर," आक्का म्हणाली. "गाडी थांबली की पाच मिन्टांत दारात. पालखी येयाच्या आदी दिवा लावून हुबी."

संगमेश्वर सोडताना मीही खुशीत होते. बोगदे सुरू झाले. आक्का उठून पिशव्या घेऊन दारापाशी गेली. तिच्या मागे मी नारळांची पिशवी धरून उभी राहिले, उतरवून द्यायला म्हणून.

शेवटच्या बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि कमी व्हायच्या ऐवजी तिचा वेग वाढला.

"आरं? आरं, थांब की!" आक्का ओरडली.

सकाळपासून जी गाडी जागोजागी मुक्काम करत आली होती, ती त्या स्टेशनातून शिट्टी मारून सरळ निघाली. नंतर कळलं ते असं: आमची गाडी इतकी उशिरा होती की समोरची गाडी संगमेश्वरलाच गाठ पडून गेली होती. आता इथे कुणासाठी थांबायचं कारणच उरलं नव्हतं. जिथे उशीर हवा होता तिथेच तो संपला.

रुळाच्या खाली चिऱ्याचं कौलारू घर झर्रकन गेलं. अंगणात एक बाई उभी होती, हातात बादली, शेणाचा सडा घालत. तिने मान वर केली. आक्का दारातून अर्धी बाहेर वाकून किल्ली हलवत होती. मी तिला कमरेला घट्ट धरून ठेवलं होतं.

गाव मागे गेल्यावर आक्का मटकन दारातच बसली. पहिलं वाक्य काय बोलावी?

"ती माज्या आंगनात काय करत होती?"

"कोण?"

"जाव! फनस घेतलान, आता आंगन पन घेतलान!" आणि मग तिला रडू फुटलं. आपल्या हातात किल्ली असताना घर बंद राहणार, हे तिला सहन होत नव्हतं. मीही डोळे पुसले, आणि त्या क्षणी इंजिनाचा मालक समोर असता तर त्याला नारळाची पिशवी फेकून मारली असती. गावात तिचा पुतण्या होता, जावेचा मुलगा. त्याला फोन लावून बघितला. ढोलताशांत कोण फोन उचलणार?

रत्नागिरी

रत्नागिरी स्टेशनात उतरल्याबरोबर मी आक्काला घेऊन थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत शिरले. खुर्चीत एक तरुण अधिकारी होता. मी शाळेतला आवाज लावला. सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकलं. "मॅडम, तक्रार घेतो मी. पण नक्की कसली घेऊ? गाडी थांबत थांबत आली ही, का थांबली नाही ही?"

"दोन्ही!"

"थांबली नाही ही घेता येणार नाही. तिथे थांबा नाहीये."

मला आणखीच राग आला. कारण तो बरोबर बोलत होता. आक्का खाली मान घालून उभी होती. त्याचं लक्ष तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या खणानारळाकडे गेलं. त्याचा आवाज बदलला.

"पालखी आहे का तुमच्याकडे, आक्का?"

"आज. आत्ता."

"आमच्याकडे पण आजच. पालीजवळ गाव माझं. आई एकटीच आहे घरी. मी इथे." त्याने खिडकीबाहेर बघितलं. "रोज लोक येऊन मला शिव्या देतात. बरोबर आहे त्यांचं. मी काय करू? गाडी सोडायचं वरून सांगतात, तेव्हा सोडतो."

मग त्याने रेल्वेचा फोन उचलला आणि त्या लहान स्टेशनातल्या माणसाशी बोलला. "बघ रे बाहेर. त्या रुळाखालच्या घरी पालखी आली का? गेली का?" बराच वेळ ऐकत राहिला. रिसीव्हर हाताने झाकून म्हणाला, "आत्ताच आली अंगणात. दार बंद आहे म्हणतो. पण ढोल वाजतायत अजून. निघा तुम्ही."

बाहेर येऊन त्याने स्वतः रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला तिथल्या बोलीत दोन शब्द सांगितले. त्याच्याबद्दल मी मनात जे जे बोलले होते ते सगळं मागे घेतलं. तक्रार त्याच्याविरुद्ध नव्हतीच. पण खिडकीत बसवलेल्या माणसावरच आपण ओरडतो, कारण दिसतो तेवढाच.

आतला रस्ता

रिक्षावाला कुवारबावहून सुसाट निघाला. महामार्गाचं काम चालू, त्यामुळे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, तोंडात लाल धूळ. हातखंब्यापुढे आत वळलो आणि रस्त्याने आपला रस्तेपणा सोडला. एका वळणावर नारळांची पिशवी उलटली आणि नारळ उतारावरून गडगडत निघाले. मी, रिक्षावाला आणि शेण गोळा करणाऱ्या दोन बाया असे चौघं त्यांच्यामागे धावलो. एक वहाळात, म्हणजे ओढ्यात, गेला तो गेलाच.

आक्का खाली उतरली नाही. किल्ली मुठीत धरून पुटपुटत बसली होती. "गेली असंल आता. कोन थांबतंय? म्होरची घरं हायत. लोकांना पन घरं हायत. कोन थांबनार माज्यासाटी?"

मलाही तसंच वाटत होतं. दिवसभर मी जे बघितलं होतं त्यात कुणासाठी कुणी थांबत नव्हतं. जो तो वरून सांगितल्याप्रमाणे चालला होता.

रिक्षा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, आली. खाली दरीत गाव, रूळ, आणि ढोलाचा आवाज.

त्या गावात

रिक्षा जाऊ शकत नव्हती तिथून आक्का धावत सुटली. गुडघे दुखतात असं सकाळी सांगणारी बाई! मी नारळ सांभाळत मागे.

अंगण माणसांनी भरलं होतं. शेणाने सारवलेलं, रांगोळी काढलेलं, दाराला आंब्याचा टहाळा बांधलेला. दार मात्र बंद. आणि अंगणाच्या मधोमध पालखी नाचत होती. चार जणांच्या खांद्यावर, उन्हात, घामाने निथळत. ढोलवाले लालबुंद झालेले. कुणी दमला की दुसरा खांदा द्यायला आत घुसत होता.

पालखीपुढे, दोन्ही हात कमरेवर ठेवून, पदर खोचून गाडीतून दिसलेली ती बाई उभी होती. जाऊ.

मी शेजारच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "किती वेळ नाचतेय?"

"आली तवापासनं." तो हसला. "घरधन्यानं पाट मांडल्याबिगर आमच्यात पालखी खाली ठेवत नायत. आनि हुबी बी ठेवत नायत. हुबी ऱ्हायली की म्होरं जायाला लागते. म्हनून मग नाचवायची. नाचते तवर ती आलीबी नाय आनि गेलीबी नाय."

"हे कुणी सांगितलं?"

त्याने हनुवटीने जावेकडे दाखवलं. "तिनं. गुरव म्हनत हुता, दार बंद हाय, चला. ही आडवी झाली. म्हनाली, मी तिला गाडीत बगितलंय, ती किल्ली दाकवत गेली. ती येनार. जो पालखी हलवील त्यानं पयलं माज्या आंगावरनं जावं."

आक्का अंगणाच्या कडेला पोचली होती. दोघी समोरासमोर आल्या. ढोल वाजतच होते. मला वाटलं आता गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही.

"येवडा येळ?" जाऊ म्हणाली.

"गाडी नाय थांबली."

"बगितलं. दार उगड. पोरांचे खांदे गेले."

किल्ली लागेना. इतका वेळ मुठीत धरून घामाने निसरडी झालेली. जावेने तिच्या हातावर हात ठेवला, दोघींनी मिळून किल्ली फिरवली आणि दार उघडलं. आत बंद घराचा वास, कोळिष्टकं, भिंतीवर आक्काच्या नवऱ्याचा फोटो. जावेने तिच्या घरचा पाट आणून दिला, आक्काने तो मांडला. पालखी टेकली आणि नाचणाऱ्या पोरांनी तिथेच जमिनीवर अंग टाकलं. आक्काने दिवा लावला. ती विधवा, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे ओटी जावेने भरली. ही रीत मला अजिबात आवडली नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं असतं. पण ओटीतला नारळ आक्काने जावेच्या हातात दिला तेव्हा त्या दोघींची तोंडं बघून गप्प बसले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. या घराचं दार असंच उघडं राहू दे, मुलाबाळांना इकडे आण, असं काहीसं. प्रत्येक वाक्याला सगळं अंगण "होय म्हाराजा!" म्हणत होतं. मीही म्हणाले. म्हणता म्हणता रडले. आक्काने फोनवर मुलाला तो आवाज ऐकवला. गाऱ्हाणं संपेपर्यंत त्याने पलीकडून फोन बंद केला नाही.

पालखी पुढे गेल्यावर जावेच्या घरी जेवलो. कुळथाची पिठी, भात, तळलेले बोंबील. आणि कोवळ्या फणसाची भाजी. ती वाढताना जाऊ आक्काकडे न बघता म्हणाली, "त्याच झाडाचा हाय." आक्काने दोनदा मागून घेतली.

मला रत्नागिरीला सोडायला रिक्षावाला थांबला होता. त्यानेही मधे एकदा पालखीला खांदा दिला होता म्हणे. आक्का रात्री घरातच राहणार होती, आणि दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनेच परत जाणार होती. मी कपाळावर हात मारला.

"अहो, पुन्हा त्याच गाडीने?"

"दुसरी कंची हाय?" ती म्हणाली. तेही खरंच होतं.

निघताना रुळांकडून भोंगा आला. परतीची पॅसेंजर होती. ती आली, हळू झाली आणि स्टेशनात अगदी शहाण्यासारखी थांबली. तिला कुणासाठी तरी थांबवून ठेवलं होतं. खडीवर माणसं उतरत होती, पिशव्या, पोरं, एक सायकल. आक्का आणि मी तिच्या अंगणात, जाऊ गडग्यापलीकडे आपल्या, अशा आम्ही तिघी बघत राहिलो.

आक्काने गळ्यातला काळा दोरा काढला. गडग्याजवळ गेली आणि किल्ली पलीकडे, जावेच्या हातात दिली.

जावेने किल्लीकडे बघितलं, मग गाडीकडे. "आनि फुडच्या वर्सी गाडी थांबली तर?"

"थांबली तरी तुज्याकडंच," आक्का म्हणाली.